तापल्यावर घसरणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: दुरुस्त करावा, बदलावा की नव्या प्रकारचा बसवावा?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०१० सालची होंडा सिटी आहे, पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, १,४२,००० किलोमीटर झालेली. सकाळी गाडी नीट चालते. तासभर चालून तापली की फक्त दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना इंजिनची रेस एकदम चढते, गाडी क्षणभर ओढतच नाही आणि मग झटका देऊन गिअर पडतो. बेळगावला जाताना चोर्ला घाटात हे जास्त होतं. एका गॅरेजने ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून दोन वाटा सुचवल्या. मुंबईहून जुना गिअरबॉक्स आणून बसवायचा, किंवा ‘काम करतोच आहोत तर अपग्रेड करू’ म्हणून २०१४ नंतरच्या सिटीचा सीव्हीटी, म्हणजे गिअरांऐवजी पुली आणि पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक, बसवायचा. दीर म्हणतात मॅन्युअल करून टाका, कटकट संपेल. यजमान म्हणतात विकून टाकू. गाडी बहुतेक वेळा सासरे चालवतात आणि त्यांचा डावा गुडघा बदललेला आहे. आरसी २०३० पर्यंत वाढवून घेतली आहे. शिवाय, गिअरबॉक्सचं तेल आता बदललं तर उरलासुरलाही बसेल असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी तेलाला हात लावू दिलेला नाही.

ताई, माझं मत आधी सांगतो, कारणं मग देतो. सीव्हीटी बसवू नका. मॅन्युअल करू नका. मुंबईचा जुना गिअरबॉक्स हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. आणि या सगळ्याच्या आधी, तुमचा गिअरबॉक्स गेला आहे हे अजून कुणी तपासून ठरवलेलंच नाही. स्कॅनर लावला, प्रेशर मोजलं, तेल काढून पाहिलं, असं एकही वाक्य तुमच्या मजकुरात नाही. एक फेरी मारली आणि निदान दिलं. मी फोंड्याला याच कामात आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच उघडतो, आणि ‘गेला’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्या गिअरबॉक्स न उतरवता परत रस्त्यावर गेलेल्या मी पाहिल्या आहेत. तुमची त्यांतलीच असेल असं इथे बसून सांगणार नाही. पण पाऊण-एक लाखाचा निर्णय घेण्याआधी दोन-तीन हजारांची तपासणी व्हायलाच हवी.

तुम्ही लिहिलेल्यात सगळ्यात मोलाचं काय असेल, तर ‘फक्त दुसऱ्यावरून तिसऱ्यावर’ हे शब्द. होंडाचे त्या काळातले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतरांपेक्षा वेगळ्या रचनेचे आहेत. टोयोटा किंवा ह्युंदाईच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी गिअरचे संच असतात आणि एकच क्लच दोन-तीन गिअरांच्या कामी येतो. होंडाने मॅन्युअल गिअरबॉक्ससारखे समांतर शाफ्ट ठेवले आणि पुढे जायच्या गिअरांना ज्याचा त्याचा क्लच पॅक, म्हणजे क्लच प्लेटांचा संच, दिला. तेलाच्या दाबाने ज्याचा पॅक आवळला जाईल तो गिअर पडतो. त्यामुळे दुखणं कुठे आहे हे गाडी स्वतःच बरंचसं सांगते. सगळेच गिअर घसरत असतील तर तेलाची पातळी, पंप, चोंदलेली जाळी इकडे बघावं लागतं. एकाच गिअरला घसरत असेल तर त्या गिअरच्या क्लच प्लेट, त्यांच्या पिस्टनचा सील आणि तिथवर दाब पोहोचवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह म्हणजे सॉलेनॉइड, एवढ्यातच शोधायचं. तुमचा चौथा-पाचवा गिअर नीट पडत असेल आणि रिव्हर्सला जोर असेल, तर पंप बऱ्यापैकी शाबूत आहे असं मानायला जागा आहे. रिव्हर्सबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. घरासमोरच्या चढावर तापलेली गाडी रिव्हर्समध्ये घेऊन बघा आणि मेकॅनिकला आठवणीने सांगा.

गाडी तापल्यावरच त्रास का देते, तेही समजून घ्या. थंड तेल जाड असतं. झिजलेल्या सीलच्या फटीतून ते कमी निसटतं, म्हणून सकाळी दाब पुरतो. तेल तापून पातळ झालं की त्याच फटीतून जास्त निसटतं, क्लचवरचा दाब उतरतो आणि प्लेट एकमेकींवर घासत राहतात. रेस चढते ती त्या क्षणी. नुसतं तेल वापरून वापरून निकामी झालं असेल तरी असंच होतं. सॉलेनॉइडच्या बुडाशी बारीक जाळी असलेली गॅस्केट असते. ती काळ्या गाळाने अर्धी भरली तरीही हेच. म्हणजे एकाच लक्षणाची तीन कारणं आहेत. त्यातली दोन बाहेरून निपटतात आणि एकासाठीच गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

मग तपासायचं कसं? सुरुवात डिपस्टिकपासून. इथेच बरीच गॅरेजं चुकतात, कारण इतर अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून ऑटोमॅटिकचं तेल बघतात. होंडात गाडी पूर्ण तापवून, सपाट जागेवर, इंजिन बंद करून साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायचं असतं. इंजिन चालू ठेवून पाहिलं की पातळी कमी दिसते, मग कुणीतरी वरून अर्धा लिटर ओततो आणि जास्तीचं तेल आत घुसळून फेसाळतं. फेसाळलेलं तेल दाब धरत नाही. तुमच्या गाडीत गेल्या काही वर्षांत कुणी ‘थोडं टॉप-अप’ केलं होतं का, आठवून बघा.

मग तेलाचा रंग आणि वास. लालसर किंवा विटकरी, वास साधा, तर काळजी कमी. काळपट आणि जळका वास म्हणजे प्लेटचं अस्तर जळालेलं आहे. गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा, कारण रेडिएटरचं कूलंट गिअरबॉक्सच्या तेलात मिसळलेलं आहे. क्लच प्लेटचं अस्तर कागदी जातीचं असतं. ते पाण्याने फुगतं आणि सुटतं. त्यानंतर तेल कितीही बदललं तरी त्या प्लेट वाचत नाहीत.

साखळीत राहणाऱ्यांना मी आणखी एक हमखास विचारतो. वाळवंटी नदीचं पाणी चढलं तेव्हा गाडी कधी पाण्यात उभी होती का? गिअरबॉक्सला वरच्या बाजूला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते. पाणी तिथवर पोहोचलं की थंड होणारा गिअरबॉक्स ते आत ओढून घेतो. गाडी त्या दिवशी सुरू होते, चालते, आणि दुखणं काही महिन्यांनी वर येतं. मधल्या काळात कुणाला पुराची आठवणही राहत नाही.

तेल खाली सोडल्यावर ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काय चिकटलंय ते स्वतः उभं राहून बघा. राखाडी, मऊ, लोण्यासारखा थर १,४२,००० किलोमीटरला असायचाच. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चमकणारे पापुद्रे असतील तर बेअरिंग किंवा गिअरचं काम आहे, आणि मग निर्णयाची दिशा बदलते.

त्यानंतर स्कॅनर. डॅशबोर्डवरचा ‘डी’ दिवा लुकलुकतो का? होंडात तो लुकलुकला म्हणजे गिअरबॉक्सचा कोड साठवलेला आहे. पण नुसते कोड वाचून थांबू नका. गाडी तापवून, रस्त्यावर चालवत, चालू आकडे बघायला हवेत. शाफ्टचा वेग आणि इंजिनचा वेग यांत दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे किती अंतर पडतं, त्या वेळी तेलाचं तापमान किती आहे. मग प्रेशर गेज. गिअरबॉक्सच्या अंगावर दाब मोजायची बंद तोंडं असतात. तिथे गेज लावून तिसऱ्या क्लचचा दाब थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी बघायचा. गरम झाल्यावर दाब पडतो, पण सॉलेनॉइड आणि जाळी साफ केल्यावर सावरतो, तर तुमचं काम स्वस्तात झालं. दाब बरोबर असूनही घसरतो, तर प्लेट झिजल्यात. सॉलेनॉइड ठीक आणि तरी दाब कमी, तर आतला सील गेलाय. या तीन वाक्यांत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, आणि ते गेजशिवाय मिळत नाही. ज्या गॅरेजकडे हे गेज नाही त्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ‘गेला’ म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

स्टॉल टेस्ट म्हणून एक प्रकार आहे, ब्रेक दाबून धरायचा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण द्यायचा. ती घरी करू नका. पाच सेकंदांच्या वर गेली तर चांगल्या गिअरबॉक्सचंही तेल उकळून निघतं.

झटक्याबद्दलही एक सांगायचं राहिलं. गाडी उभी असताना ‘पी’वरून ‘डी’ किंवा ‘आर’ला टाकल्यावर जो धक्का बसतो तो बऱ्याचदा इंजिन माउंटिंगचा असतो. रबर फाटलं, आतलं तेल गळून गेलं की इंजिन उडी मारतं आणि नाव गिअरबॉक्सचं होतं. तुमची रेस चढते, म्हणजे तुमच्याकडे क्लच खरोखर घसरतोय. तरी एवढ्या वयात माउंटिंग बघून घ्यावीत. खराब माउंटिंगवर नवा गिअरबॉक्स बसवला तरी झटका तसाच राहतो आणि मग नव्या कामावर संशय येतो.

आता तेल बदलण्याच्या भीतीबद्दल. ही समजूत पूर्ण खोटी नाही, म्हणूनच ती टिकून आहे. प्लेटचं अस्तर आधीच संपलेलं असेल तर जुन्या तेलात तरंगणारा अस्तराचा भुगाच थोडीफार पकड देत असतो. स्वच्छ तेल घातलं की ती पकड जाते आणि गाडी दोन-चारशे किलोमीटरात उभी राहते. पण त्या गिअरबॉक्सला तेलाने मारलेलं नसतं, तो आधीच संपलेला असतो. तुम्ही आज तेल न बदलता सहा महिने काढले तर त्या सहा महिन्यांत प्रत्येक वेळी तिसरा गिअर घसरताना प्लेट आणखी जळेल, तिचा भुगा बाकीच्या चार क्लचांत आणि तेलाचा दाब वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत जाईल, आणि आज एका क्लचचं असलेलं काम पूर्ण गिअरबॉक्सचं होईल.

तेव्हा तेल बदला, पण मशीन लावून फ्लश नको. दाबाने उलटसुलट तेल फिरवलं की वर्षांनुवर्षं कोपऱ्यात बसलेला गाळ उठतो आणि नेमका सॉलेनॉइडच्या जाळीत जातो. साध्या ड्रेन बोल्टने सोडायचं, तेवढंच मोजून भरायचं. एका वेळी निम्म्याहून थोडं कमी तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या डब्यात, राहतं. म्हणून दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतराने तीन वेळा करायचं, म्हणजे पाऊण हिश्श्याहून जास्त तेल नवं होतं. तेल होंडाचं डीडब्ल्यू-१ घ्या. तुमच्या गाडीत मुळात झेड-१ होतं, त्याची जागा डीडब्ल्यू-१ने घेतली आणि ते जुन्या गाड्यांना चालतं. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेला डबा मी होंडात वापरत नाही. यांच्या क्लचची पकड तेलाच्या घर्षणगुणावर बेतलेली असते. तिन्ही वेळचा खर्च साधारण दहा हजारांच्या आसपास जाईल.

दुसऱ्या तेलाच्या वेळीच सॉलेनॉइड काढून जाळ्या बघायच्या. होंडाचे हे सॉलेनॉइड बाहेरून लागतात, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

हे सगळं करूनही तिसरा घसरत राहिला तर मग खरा निर्णय. तिथे माझं मत असं, की आपला स्वतःचा गिअरबॉक्स उघडून, बांधून परत बसवावा. ओव्हरहॉल. त्याचं कारण सोपं आहे. तुमच्या गिअरबॉक्सचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. तो याच गाडीत, याच कॉम्प्युटरसोबत चाललाय, आणि आतले गिअर, शाफ्ट, केसिंग बहुधा ठीक आहेत. खपणाऱ्या वस्तू खपल्या आहेत. सगळ्या क्लचच्या प्लेट, सगळे सील आणि ओ-रिंग, व्हॉल्व्ह बॉडीची सफाई, लागतील ते सॉलेनॉइड आणि टॉर्क कन्व्हर्टर. गोव्यात आजच्या घडीला याला साधारण सत्तर हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहून थोडं वर जातं. कंपनीचा कोरा गिअरबॉक्स मागवायचा विचार करू नका, त्याची किंमत तुमच्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते.

ओव्हरहॉल नावाखाली काय होतं यात मात्र फार फरक असतो, म्हणून इथे थोडं थांबतो. फक्त तिसऱ्याच्या प्लेट बदलून गिअरबॉक्स बंद करणारेही असतात. स्वस्तात होतं, आणि वर्षभरात चौथ्याला तेच होतं, कारण सील सगळेच एका वयाचे आहेत. प्लेट बसवल्यावर प्रत्येक पॅकमधलं मोकळं अंतर मोजायचं असतं. होंडा त्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या शेवटच्या प्लेट देते, म्हणजे मोजून नेमकी बसेल ती निवडता यावी. हे न मोजता बांधलेला गिअरबॉक्स पहिल्या दिवशी छान चालतो आणि पहिल्याच घाटात तोंड दाखवतो. टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड केलेला बंद डबा असतो. तो कापून, आतला क्लच आणि सील बदलून, परत वेल्ड करून तोल साधावा लागतो. हे काम गोव्याबाहेर पाठवावं लागलं तरी पाठवा. जुना कन्व्हर्टर तसाच बसवला तर त्याच्या पोटातला सगळा भुगा पहिल्या पाच मिनिटांत नव्या प्लेटांवर जातो. तेल थंड करणारा कूलर आणि त्याचे पाइप आतून धुवायचे, आणि रेडिएटर मूळचा २०१० चा असेल तर तो बदलून टाकायचा. रेडिएटरची किंमत या कामात फार नाही. तो फुटून कूलंट तेलात गेलं तर सगळा खर्च पाण्यात जाईल, अगदी शब्दशः.

म्हणून गॅरेजकडून कोटेशन घेताना एकच आकडा घेऊ नका. कुठल्या प्लेट, सील किट कुठलं, कन्व्हर्टर उघडणार का, कूलर धुणार का, तेल कुठलं आणि किती लिटर, हे लिहून घ्या. काढलेल्या जुन्या वस्तू परत मागा. जळलेली प्लेट हातात घेतली की कळते, काळी पडलेली आणि गुळगुळीत असते. वॉरंटी महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये, दोन्हीत लिहून हवी. विम्याकडून यातलं काही मिळणार नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत बसत नाहीत.

मुंबईच्या जुन्या गिअरबॉक्सला मी शेवटी का ठेवतो? कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या मायापुरीत माल मिळतो, स्वस्तही मिळतो, आणि त्यातला काही उत्तम असतो. अडचण अशी की कुठला उत्तम हे बाहेरून कळत नाही. अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचा गिअरबॉक्स असेल तर तुमचं नशीब. पण या वयाच्या गाड्या भंगारात जायचं दुसरं मोठं कारण पूर आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, या पुरांत बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांनी टोटल लॉसमध्ये काढल्या आणि त्यांचे सुटे भाग बाजारात आले. बाहेरून डिझेलने धुतलेला गिअरबॉक्स चकचकीत दिसतो. आतल्या प्लेटनी पाणी प्यायलं असेल तर तुम्ही तुमचं आजचंच दुखणं भाड्याच्या ट्रकने घरी आणलं. आणायचाच झाला तर केसिंगवरचा कोड तुमच्याशी जुळतो का ते बघा, कन्व्हर्टरसकट घ्या, आणि बसवण्याआधी निदान सील बदलून, चुंबक आणि तेल बघून मगच चढवा. एवढं सगळं केलं की ओव्हरहॉलच्या आणि त्याच्या खर्चात फारसं अंतर उरत नाही. तुमच्या गिअरबॉक्सचं केसिंग फुटलं असेल किंवा शाफ्ट-गिअर खराब झाले असतील, तरच ही वाट शहाणपणाची.

आता सीव्हीटी. ऐकायला छान वाटतं, कारण २०१४ च्या सिटीत होंडाने स्वतःच पाच गिअरचा ऑटोमॅटिक काढून सीव्हीटी दिला आणि तो मायलेजला चांगला आहे. पण तुमच्या पिढीच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा कारभार एकाच कॉम्प्युटरकडे आहे. तो कॉम्प्युटर पाच गिअर, त्यांचे सॉलेनॉइड आणि त्यांचे सेन्सर ओळखतो. सीव्हीटीत गिअरच नाहीत, दोन पुलींमधला स्टीलचा पट्टा आहे आणि त्याला लागणारा दाब आणि हुकूम वेगळे. म्हणजे गिअरबॉक्ससोबत कॉम्प्युटर, वायरिंग, सिलेक्टर, मीटर, चावीचा इमोबिलायझर, माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट यांपैकी काय काय बदलावं लागेल याची यादी काम सुरू झाल्यावर वाढतच जाते. बोल्ट जुळले म्हणजे गाडी जुळली असं होत नाही. आणि हे सगळं जुळवलं तरी पुढे चोर्ला घाटात दिवा लागला तर तुमची गाडी कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात बसणारी राहिलेली नाही. बेळगावचा मेकॅनिक स्कॅनर लावेल तेव्हा त्याला अर्धी २०१० ची आणि अर्धी २०१४ ची गाडी दिसेल. हौशी माणसाने वर्कशॉपमध्ये वर्षभर खपून हे करावं, त्यात आनंद आहे. सासऱ्यांना दवाखान्यात आणि बाजारात नेणाऱ्या गाडीवर हा प्रयोग नको.

शिवाय सीव्हीटी जुना झाला की तोही सुखाचा नसतो. पट्ट्याने पुलीवर ओरखडे पाडले की तो बांधून देणारे फार थोडे. त्याचं तेलही वेगळं, एचसीएफ-२. चुकून कुणी साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतलं तर तो टिकत नाही.

मॅन्युअलचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. डावा गुडघा बदललेल्या माणसाला पर्वरीच्या कोंडीत क्लच दाबायला लावायचं नाही. तो मुद्दा नसता तरी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आहे. आरसीवरचा तपशील आणि कंपनीने बनवलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितलं. गाडीच्या मॉडेलच्या नावात बहुधा ‘एटी’ लिहिलेलं असतं. उद्या अपघात झाला, विमा सर्वेअरने पेडल मोजले, तर वाद तुमच्या गळ्यात. त्याच प्रकारचा गिअरबॉक्स दुरुस्त केला किंवा बदलला तर हा प्रश्न येत नाही, कारण आरसीवर नोंद चेसिस आणि इंजिन नंबरची असते.

विकावी का, हा यजमानांचा मुद्दा मी हलका मानत नाही. उत्तर गिअरबॉक्समध्ये नाही, गाडीच्या पोटाखाली आहे. गाडी लिफ्टवर चढवा. गोव्यातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत गाड्या खालून सडतात. कळंगुट-कोलव्याच्या गाड्यांइतकी साखळीची गाडी खारट वारा खात नाही, पण चिखल सांध्यांत साचून तोच परिणाम करतो. दरवाजाखालच्या पट्ट्या, पुढच्या सस्पेन्शनच्या कपाची जागा, सबफ्रेम, ब्रेकचे लोखंडी पाइप इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पत्रा आत गेला तर या गाडीत लाख रुपये घालू नका, आहे तशी काढा. पत्रा टणक आहे, इंजिन तेल खात नाही, एसी चालतो, तर ओव्हरहॉल करून २०३० पर्यंत चालवा. लाख रुपयांत तुम्हाला घरच्या हातातली, माहितीतली ऑटोमॅटिक गाडी निदान आरसीच्या मुदतीपुरती मिळते. तेवढ्यात बाजारातून जी जुनी ऑटोमॅटिक मिळेल तिचा गिअरबॉक्स कुठल्या अवस्थेत आहे, हा प्रश्न परत पहिल्यापासून सुरू. गाड्या विकत घेताना लोक रंग आणि टायर बघतात, गिअरबॉक्सचं तेल कुणी बघत नाही.

दिल्लीतल्या वयाच्या नियमांची भीती इथे घालून घेऊ नका, गोव्यात तसा बंदीचा नियम नाही. २० वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाचं शुल्क मात्र २०२५ मध्ये वाढलंय, ते २०३० मध्ये लक्षात ठेवा.

ज्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. सेलेरिओ, वॅगनआरसारख्या एएमटी गाड्यांना यातलं काही लागू नाही. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, वर हात फिरवणारं यंत्र बसवलेलं. त्यात क्लच प्लेट आणि अॅक्च्युएटर तपासा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कोरड्या क्लचच्या सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये मेकॅट्रॉनिक नावाचा भाग वेगळा दुरुस्त होतो, सबंध गिअरबॉक्स बदलायची घाई नको. जुन्या कोरोला अल्टिसचा चार गिअरचा ऑटोमॅटिक मंद वाटतो म्हणून बदलायला निघालेले भेटतात. त्यांना मी तेल बदलून तसाच चालवायला सांगतो. इतका टिकाऊ गिअरबॉक्स आता सहज मिळत नाही.

तुम्हाला अपग्रेडच हवा असेल, तर एक अपग्रेड मी आनंदाने करून देतो. गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा छोटा कूलर, रेडिएटरच्या पुढे, आणि त्याच्या पाइपमध्ये चुंबक असलेला फिल्टर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आयुष्य उष्णता खाते, आणि तुमच्याकडे उष्णतेची दोन कारणं जमलेली आहेत. एक घाट. दुसरं, साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवरची खनिज ट्रकांची तांबडी धूळ; ती पावसात चिखल होऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या जाळ्यांत बसते आणि वारा अडवते. समोरून स्वच्छ दिसलं तरी दोन्हींच्या मधल्या फटीत बॅटरीचा उजेड टाकून बघा. ते सोडवून कमी दाबाच्या पाण्याने धुतलं तरी तापमानात फरक पडतो.

तपासणी होईपर्यंत सासऱ्यांना एवढंच सांगा. चोर्ला सध्या नको. गावात चालवताना तिसरा घसरला तर अॅक्सिलरेटर अर्धा सोडायचा, दाबायचा नाही. घसरत्या क्लचवर जोर दिला की त्याच क्षणी प्लेट जळते. उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक, मग ‘पी’. पाच मिनिटांहून जास्त कोंडी असेल तर ‘एन’मध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून मग ब्रेकवरचा पाय काढता येतो, पण चालत्या गाडीत ‘एन’ कधीच नाही.

दुरुस्ती झाल्यावर सासऱ्यांना ‘एस’ मोड आणि गिअर हाताने बदलायचे स्टिअरिंगमागचे पॅडल वापरायला शिकवा, ते शोभेचे नाहीत. घाट चढताना ‘डी’मध्ये गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात सारखी हेलकावते आणि दर वेळी क्लच सुटतो-आवळतो. पॅडलने दुसरा धरून ठेवला की ही घासाघीस थांबते, आणि उतरताना ब्रेकही तापत नाहीत. ओव्हरहॉलनंतर पहिल्या १,००० किलोमीटरला तेल सोडून चुंबक बघायचं, मग दर ३०,०००-४०,०००ला एकदा. ती पहिली १,००० किलोमीटर होईपर्यंत चोर्ल्याच्या वाटेला जाऊ नका. बेळगावला जायचंच झालं तर त्या दिवसापुरती बसने जा.